बारवेवरची तिसरी ओळ

जोगाईच्या आंब्याहून परत आल्यापासून आळीतल्या बायका प्रसाद न्यायला येतात आणि ओसरीवर टेकता टेकता विचारतात, "कसं झालं गं दर्शन?" मी सांगते, छान झालं. देऊळ मोठं आहे, गर्दी नव्हती, ओटी भरता आली. त्यात खोटं काही नाही. पण मी आणि माझ्या वन्सं एवढे हाल सोसून निजामाच्या मुलखात गेलो ते कुलदेवतेच्या निमित्ताने. आमचा जीव अडकला होता वाटेवरच्या एका दगडात. त्या दगडाचं काय झालं हे आळीत सांगायची सोय नाही, कारण सांगितलं तर बायका हात जोडतील. म्हणून इथे लिहिते.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. परकरी वयात लग्न झालं, नहाण यायच्या आत कपाळ पांढरं झालं, आणि तेव्हापासून त्या माहेरीच. हे शाळेतून आले की पाटी कोनाड्यात भिरकावून खेळायला पळत आणि वन्सं ती पाटी घेऊन चुलीपुढे बसत. अशा चोरून त्या वाचायला शिकल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा आलवणातली, म्हणजे विधवेच्या तांबड्या लुगड्यातली, एक बाई भर दुपारी माजघरात इतिहासाचं पुस्तक वाचत बसली आहे हे पाहून मला घामच फुटला. मला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं. वन्संनी मला शिकवलं. पुढे हे वाचनालयातून पुस्तकं आणू लागले आणि जेवणखाण आवरलं की आमची शाळा भरू लागली. तिला गुरुजी नव्हते, परीक्षा नव्हती, आणि शिकून पुढे काय करणार हा प्रश्नही नव्हता.

नियम एकच होता आणि तो वन्संचा. उष्टं वाचायचं नाही. नवं पान आलं की आधी एकीने एकटीने वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि समजलं ते दुसरीला सांगायचं. मग दुसरीने पान उघडून ताडून पाहायचं. पहिली वाचत असताना दुसरीने डोकावलं तर ते पान बाटलं. "दुसऱ्याने चावून दिलेला घास पोटात जातो, अंगी लागत नाही," असं त्या म्हणत. दुसरी एक खोड होती. गोष्ट रंगात आली की त्या नेमक्या तिथेच पुस्तक मिटायच्या. उरलेलं उद्या. मी चडफडायची, पण त्यामुळे दुसऱ्या दिवसाची वाट पाहावीशी वाटे हेही खरं. सोवळ्यातल्या बाईच्या आयुष्यात वाट पाहण्यासारखं दुसरं असतं तरी काय?

जुन्या लेखांची अक्षरंही आम्ही अशीच शिकलो. यांनी कुठूनसे जुन्या लिपीचे तक्ते आणले होते. कागद महाग, म्हणून वन्सं परातीत पीठ पसरून बोटाने अक्षरं काढत. मात्रा अक्षराच्या आधी, अनुस्वार भलतीकडेच. पुसायचं, पुन्हा काढायचं, आणि संध्याकाळी त्याच पिठाच्या भाकऱ्या. हे जेवताना म्हणायचे, "आज कुठल्या राजाची सनद खातोय मी?"

मग दोन गोष्टी एकदम झाल्या. एका मासिकात कोपऱ्यात एक ओळ छापून आली, की बीडच्या दक्षिणेला मांजरसुंब्याचा घाट चढून गेल्यावर वाटेलगतच्या एका बारवेवर अक्षरं कोरलेला दगड आहे, तो अद्याप कुणी वाचलेला नाही. आणि वन्संच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्या ओळीवर बोट ठेवून त्या मला म्हणाल्या, "जानकी, आजवर आपण जे वाचलं ते सगळं कुणाचं तरी उष्टंच की गं. हे एक पान कोरं आहे."

यांनी रजा काढली. कुलदेवतेला जायचं म्हटल्यावर सासूबाईही काही बोलल्या नाहीत.

हद्दीवर आणि बीडला

नगरपर्यंतच्या आगगाडीचं आणि पुढच्या दमणीचं वर्णन मी करणार नाही. ज्यांची हाडं शाबूत आहेत त्यांना ते खरं वाटणार नाही. आमचा गाडीवान लिंबाजी हा बोलका माणूस. बैलांशी बोलून दमला की आमच्याशी बोले. "आमच्याकडं रस्ता न्हाई बाई, नुस्ता रस्त्याचा इचार हाय," असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागतो. तिथल्या जमादाराने आमची पेटी उघडायला लावली. त्याला कापड नाहीतर चांदी सापडायची आशा असावी. वर दोन लुगडी आणि खाली नुसती पुस्तकं. तो चकित झाला. "इत्ती किताबां? किसके हैं?" यांनी आमच्याकडे बोट दाखवलं. त्याने आलवणात गुरफटलेल्या वन्संकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "औरतां पढते?" "पढते," असं वन्संनीच उत्तर दिलं, तेही असं ठसक्यात की त्याने पेटी स्वतःच्या हाताने लावून दिली. नंतर मैलभर वन्सं एकट्याच हसत होत्या.

बीडला यांच्या ओळखीच्या वकिलांकडे उतरलो. गाव बिंदुसरा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेलं आहे. पाणी आमच्या कोकणातल्या वहाळाएवढंही नाही, पण नाव केवढं गोड! कंकालेश्वराचं देऊळ मात्र मन भरून पाहावं असं आहे. चौकोनी तळ्याच्या मध्यभागी पाण्यात उभं आहे, आणि बाहेरच्या भिंतींवर बायकांच्या मूर्तीच मूर्ती. वन्संना त्या दिसत नव्हत्या, नुसती काळी सावली दिसे. त्यांनी हात लावून पाहायला सुरुवात केली. हिच्या हातात काय आहे, हिने अंबाडा कसा घातलाय, हिचं नाक कुणी फोडलं. मी पाहून सांगायच्या आत त्या बोटांनी सांगत होत्या. पिठात गिरवलेली बोटं ती. मला तेव्हाच वाटलं, डोळे गेले तरी ही बाई वाचणार.

वकिलीणबाई मायाळू होत्या. आम्हाला उडदाचं घुटं आणि ज्वारीची भाकरी वाढली. आम्ही भातखाऊ माणसं, भाकरी घशाखाली उतरायला पाणी लागायचं. तिसऱ्या दिवशी मात्र मी मागून घेतली. वन्सं बिचाऱ्या आपल्या दशम्यांवर. वकिलीणबाईंनी रात्रीच्या फराळाला बसताना त्यांना विचारलं, "तो दगड वाचून तुम्ही काय करणार?"

"काही नाही," वन्सं म्हणाल्या. "कळेल."

बारव

पाली गाव मागे टाकून मांजरसुंब्याचा घाट चढलो. वर आलं की मुलूख मोकळा होतो. पौषातलं कोवळं ऊन, दोहों बाजूंना कंबरेच्या वर आलेली ज्वारी, आणि तिच्यात गोफणी घेऊन पाखरं हाकणारी माणसं. कोकणात कुठेही उभं राहा, झाड नाहीतर डोंगर तोंडापुढे येतो. इथे नजरेला अडवायला काही नाही. वन्संनी विचारलं, "काय दिसतंय गं?" मी म्हटलं, "सगळंच."

गावाचं नाव लिहीत नाही. मेंढ्या आणि म्हशी पाळणाऱ्यांची तीसेक घरं, थोडी कुणब्यांची. बारव गावाबाहेर लिंबाखाली आहे. चौफेर उतरत्या पायऱ्या, तळाशी हिरवं पाणी, आणि वर कडेला कंबरेएवढा उंच एक दगड. त्याला एक म्हैस बांधलेली होती.

म्हशीची मालकीण धुरपदाबाई. उंच, हाडापेराने मोठी, कपाळभर गोंदण. आम्ही दगड पाहायला आलो हे कळल्यावर तिला आमची दया आली.

"एवढ्या लांबून धोंडा बगायला आलाव? कावून? तुमच्याकडं धोंडे न्हाईत व्हय?"

"धोंडे आहेत," वन्सं म्हणाल्या, "पण ते बोलत नाहीत."

धुरपदाबाईने म्हैस सोडून दुसरीकडे बांधली. म्हैस लाथाळ होती, चार दिवसांपासून पान्हा चोरत होती, आणि त्या पायी घरात ताकाचाही थेंब नव्हता. हे सगळं तिने आम्हाला न विचारता सांगितलं.

मी बारवेतून घागरभर पाणी आणून दगड धुतला. शेणाखालून अक्षरं वर आली. किती ओळी ते मोजायलाही वन्संनी मला सवड दिली नाही. "जानकी, तू पाठ फिरव. आणि भाऊ, तूही."

हे म्हणाले, "आक्का, कागद आहे, कोळसा आहे. आधी छाप उठवून घेतो, मग तू सावकाश वाच."

"म्हणजे तूच आधी वाचणार."

"मी डोळे मिटून उठवतो!"

"पुरे झाला चावटपणा. उद्या घे छाप. आज माझं पान आहे."

हे हसत हसत लिंबाजीकडे गेले. मी पाठ फिरवून पायरीवर बसले. आज ते आठवलं की वाटतं, आयुष्यात मी कितीतरी आज्ञा मोडल्या आहेत. नेमकी तीच कशी मोडली नाही? एकदा मान वळवायची होती. कुणाला कळलं असतं?

वन्सं दगडासमोर मांडी घालून बसल्या. डावा तळवा दगडावर टेकवलेला, उजव्या हाताचं बोट खोबणीतून पुढे सरकतंय. मध्येच ओंजळभर पाणी ओतायचं, पदराने टिपायचं, कपाळ अगदी दगडाला लागेल इतकं जवळ न्यायचं, आणि ओठांतल्या ओठांत अक्षर म्हणायचं. हे मागाहून बायकांनी सांगितलं, मला पाठीमागून नुसतं पुटपुटणं ऐकू येत होतं. हळूहळू गावातल्या बायका जमल्या. कुणी घागर घेऊन, कुणी कडेवर पोर घेऊन. मला वाटलं, वाचन पाहायला जमल्यात. किती शहाणी मी!

बऱ्याच वेळाने वन्संनी हाक मारली. त्यांचे डोळे वाहत होते. मोतीबिंदूमुळे ते एरवीही वाहत, पण आज तसं नव्हतं.

"पहिली ओळ स्वस्ति श्री. मग शक, पण आकडे दाव्याने झिजलेत. दुसऱ्या ओळीत, जानकी, 'बारव' आहे. 'कराविली' आहे. आणि शेवटी 'लेकी'. कुणाची ते उडालंय. पण लेकी आहे."

"म्हणजे बाईने बांधली?"

"बाईने बांधली. आपण इतकी वर्षं वाचतोय. राजे वाचले, त्यांचे बाप वाचले, हत्ती-घोड्यांची नावं वाचली. राण्यासुद्धा अमक्याची राणी म्हणून वाचल्या. आणि इथे रानात एका बाईने बारव बांधून दगडावर स्वतःचं नाव घातलंय. तिसऱ्या ओळीत असणार ते."

"मग वाचा ना!"

ऊन अजून होतं. दिवस चांगला कासराभर वर होता. पण वन्संच्या बोटाचं टोक सोललं होतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांचा चेहरा. तो चेहरा मी ओळखते. गोष्ट रंगात आली होती. त्यांनी दगडावर हात फिरवला आणि पुस्तक मिटावं तशा उठल्या.

"उरलेलं उद्या," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी पाटलांनी त्यांच्या शेतात हुरडा खायला बोलावलं. भाजलेलं कणीस सोवळ्याला चालणाऱ्या फळात मोडतं की अन्नात, असा शास्त्रार्थ यांनी मुद्दाम काढला. वन्संनी क्षणभर विचार करून "फळात" असा निकाल दिला आणि ओंजळभर हुरडा खाल्ला. बाहेरचं काही चाखताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. धुरपदाबाई शेजारी बसून दाणे चोळून देत होती. तिने सरळ विचारलं, "बाई, मालक कवा गेले?"

"लहान होते मी. चेहराही आठवत नाही."

"आन मग दुसरा पाट कावून न्हाई लावला? आमच्यात लावत्यात. मी सोता लावलाय."

मी गोरीमोरी झाले. आमच्याकडे हे कुणी विचारलं असतं तर घरात तीन दिवस चूल पेटली नसती. वन्सं मात्र खळखळून हसल्या. "नाही बाई, आमच्यात नुसती पोथी लावतात," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या इतक्या आनंदात होत्या.

मंगळवार

सकाळी आम्ही आंघोळी उरकून बारवेकडे निघालो तर वाटेतच वाजंत्र्यांचा आवाज आला. मला वाटलं, कुणाचं लग्न असेल. लिंबाखाली सारं गाव लोटलेलं. आणि मधोमध दगड, गर्द केशरी, ओलागच्च चकाकत होता. तेलात कालवलेला शेंदूर डोक्यापासून पायथ्यापर्यंत थापला होता. एक अक्षर दिसत नव्हतं.

धुरपदाबाई धावत आली आणि तिने वन्संच्या पायांवर डोकं ठेवलं. "तुमी काल हात लावलाव आन रातीच म्हशीनं पान्हा सोडला! दोन शेर दूध दिलं. मंग सासू म्हनली, येड्यानो, आमी देवीला म्हस बांधलती! तुमाला वळकू आली, आमाला न्हाई आली."

बाकीचं बायकांनी सांगितलं. तांबड्या लुगड्यातली बाई लांबून येते, धोंड्याला न्हाऊ घालते, कपाळ टेकते, तोंडाने मंत्र म्हणते आणि रडते. एवढं डोळ्यांनी दिसल्यावर आणखी काय पाहिजे? त्यात मंगळवार, देवीचा वार. त्या मुलखात रानातला देव असाच सापडतो. कुणाला तरी तो आधी दिसतो, मग गाव शेंदूर आणतं. काल जमलेल्या बायका वाचन बघत नव्हत्या, दर्शन घेत होत्या. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय?

वन्संना काही दिसत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "वास कसला येतोय गं? तेलाचा?" मी त्यांचा हात धरून दगडापाशी नेला. काल जिथे थांबल्या होत्या तिथे त्यांनी नेमकं बोट ठेवलं. ते घसरलं. त्यांनी पुन्हा ठेवलं. बराच वेळ त्या खाली-वर शोधत होत्या. मग हात मागे घेतला. बोटं केशरी झाली होती. विधवेने ज्या रंगाला शिवायचं नाही तो रंग. त्यांनी तो आलवणाला पुसला, आणि आलवणावर तो दिसलाही नाही.

यांनी पाटलांना बाजूला घेतलं. शेंदूर ओला आहे तोवर हलक्या हाताने काढू द्या, खाली लेख आहे, आम्ही उतरवून घेतो आणि पुन्हा लावून देतो. पाटील मर्यादशील माणूस, आमचा मान ठेवणारा. पण ते ऐकून त्यांचा चेहराच बदलला.

"पावनं, तुमी लई शिकलेले हाव. पन देवीच्या अंगावरचं उतरवायचं म्हंजी काय, ते बी पयल्याच दिवशी? उद्या गावात काय इपरीत झालं तर तुमी तिकडं लांब असताल. आमी कुटं जावं?"

मग वन्संच पुढे झाल्या. बायकांच्या घोळक्यासमोर त्या कधी बोलल्या नव्हत्या. पण त्या दिवशी बोलल्या.

"बायांनो, ही देवी नव्हे. हे लिहिलेलं आहे. फार फार वर्षांपूर्वी तुमच्या-माझ्यासारखी एक बाई होती, तिने ही बारव बांधली. तिचं नाव या दगडावर आहे. ते मला वाचू द्या."

सगळ्यांनी दगडाकडे पाहिलं. मला आशा वाटली. मग धुरपदाबाई म्हणाली, "मंग त्येच म्हन्तोय की आमी. पानी दिलं तिनं समद्या गावाला. गेली, आन दगडात येऊन ऱ्हायली. देवी आनिक कशी असती, बाई?"

"अगं, पण तिचं नाव!"

"नावाचं कसंय, देवीला काय बी म्हना, ती ओ देती."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि हळदीचं ताट वन्संपुढे धरलं. पहिली हळद तुमच्या हातची, म्हणाल्या. मी घाबरून वन्संकडे पाहिलं. त्यांनी चिमूटभर हळद घेतली, दगडाला लावली आणि मला म्हणाल्या, "चल."

गाडीत त्या मागच्या बाजूला तोंड करून बसल्या. पुढे केज गाव लागलं. तिथे बैल सोडले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मी हात लावला नसता तर बरं झालं असतं. शेणाखाली तरी शाबूत होती." यांनी समजूत घातली, की शेंदराची खपली कधीतरी आपोआप पडते, जुने शेंदरी देव असे निघाले आहेत. वन्सं म्हणाल्या, "पडेल रे. तेव्हा वाचणारं कुणी असेल?"

जोगाईचं आंबं

सरकारदरबारी गावाचं नाव मोमिनाबाद, पण आम्हाला ते आंबंच. जयंती नदीच्या काठी देवीचं देऊळ. पिढ्यान्‌पिढ्या कोकणातून इतक्या लांब आम्ही माणसं हिच्या पायाशी का येतो, याचा खरा इतिहास कुणाला ठाऊक नाही. जो तो आपली गोष्ट सांगतो. पुजाऱ्यांनी एक सांगितली, धर्मशाळेतल्या आजींनी दुसरी. एरवी वन्संनी दोघांना उभं-आडवं विचारून बेजार केलं असतं. या वेळी त्या नुसत्या ऐकत राहिल्या.

गाभाऱ्यात समयांच्या उजेडात देवीचा शेंदरी तांदळा, म्हणजे बिनघडीव दगड. त्याच्यावर मुखवटा, नथ, मळवट. मी ओटी भरली, मुलाबाळांसाठी मागायचं ते मागितलं. वन्सं माझ्या मागे उभ्या होत्या. माझ्या कानाशी येऊन त्यांनी विचारलं, "जानकी, हिच्याही खाली काही लिहिलेलं असेल का गं?"

असं देवीसमोर विचारू नये. पण सांगायला हरकत नाही, त्या दिवसापासून मला कुठलाही शेंदरी दगड पाहिला की तेच वाटतं.

देऊळ, डोंगरातली लेणी, हत्तींची शिल्पं, सगळं पाहिलं. मीच पाहिलं आणि मीच सांगितलं. वन्सं "हं" म्हणत. ताडून पाहायला त्यांनी हात पुढे केला नाही.

परत येताना

परतीची वाट तीच होती. बारव जवळ आली तसं लिंबाजीने विचारलं, गाडी थांबवायची का. मी नको म्हणणार होते. वन्संच म्हणाल्या, "थांबव."

चारच दिवस झाले असतील. पण दगडाभोवती दगडमातीचा ओटा आला होता. दगडाला पितळेचे डोळे बसवले होते, हिरवा खण गुंडाळला होता, लिंबाला भगवं निशाण होतं. शेंदराचे थर इतके चढले होते की दगडाच्या कडाही गोल झाल्या होत्या. शेजारच्या गावातल्या काही बायका दर्शनाला आल्या होत्या. नवी लग्न झालेली एक पोर त्यांच्यात होती. आणि धुरपदाबाई ओट्यावर बसून त्यांना देवीची कहाणी सांगत होती. आम्ही मागे उभे राहिलो, तिने आम्हाला पाहिलं नाही.

"लई वर्सांपूर्वी हितं पानी नव्हतं. बाया मैलभर जायच्या. तवा ही आली. लांबून आली, तांबडं लुगडं नेसून. कुनाची लेक, कुनाची सून, कुनाला ठावं न्हाई. तिनं ही बारव बांदली. बांदून झाली आन हितंच दगडात बसली. येसाई माझी."

"काय नाव म्हनलाव?" त्या नव्या नवरीने विचारलं.

"येसाई. तिनं सोता सांगितलंय नाव."

यांनी माझ्याकडे पाहिलं. वन्संचं पाळण्यातलं नाव येसू. लग्नात सासरच्यांनी ते बदललं, सासर सुटलं तेव्हा दुसरंही गेलं, आणि मग यांची आक्का आणि माझ्या वन्सं एवढंच उरलं. त्या मंगळवारी बैल जुंपत असताना धुरपदाबाईने त्यांना नाव विचारलं होतं. इतक्या वर्षांनी कुणी विचारलं म्हणून त्यांनी खरं ते सांगितलं असेल. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

मी वन्संचा हात धरला. मला वाटलं, त्या आता पुढे होतील आणि सांगतील की हे सगळं चूक आहे, येसू मी, माझ्या हातून चार विटांची चूलसुद्धा बांधली गेली नाही, बारव बांधणारी वेगळी. सनावळीतली एका वर्षाची चूक त्यांना खपत नसे. यांच्या पुस्तकांच्या समासात शाईने दुरुस्त्या करणारी बाई ती. त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात त्या नव्या नवरीने ओट्यावर डोकं टेकलं आणि मोठ्याने म्हटलं, "येसाईच्या नावानं चांगभलं!" बाकीच्या बायकांनी साथ दिली. धुरपदाबाईने मागे वळून पाहिलं, आम्हाला ओळखलं, आणि आनंदाने ओरडली, "अगं बया, बाई आल्या! सरा गं, सरा! फुडं या, बाई, हात जोडा."

बायकांनी वाट करून दिली. वन्सं चाचपडत ओट्यापाशी गेल्या. त्यांनी शेंदरावरून हात फिरवला नाही, बोटाने काही शोधलं नाही. सगळ्यांच्या देखत हात जोडले, आणि फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू त्या दगडाला विचारलं, "बाई गं, तुझं नाव काय होतं?"